जैवप्रेरित जलांतर्गत यंत्रमानव : शरीर, पदार्थ आणि नियंत्रण यांचा अन्योन्यसंबंध

सारांश

माशांच्या पोहण्यापासून प्रेरणा घेऊन पाण्याखाली वावरणारी यंत्रे तयार करण्याचे संशोधन गेल्या तीन दशकांत अनेक विद्यापीठांतून झाले आहे. या संशोधनाकडे सामान्यतः 'निसर्गाची नक्कल' म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही नक्कल केवळ आकाराची असेल तर ती यशस्वी होत नाही. शरीर, ते ज्या पदार्थाचे बनले आहे तो पदार्थ आणि त्यास चालविणारे नियंत्रण या तिहींमधील नाते समजून घ्यावे लागते. त्यासाठी माशांच्या जलतरणाचा अभ्यास, स्मार्ट पदार्थांचे गुणधर्म, त्यांतील हिस्टेरेसिसची अडचण आणि अनुकूली नियंत्रण यांचा क्रमाने परिचय करून दिला आहे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधनाचा मुख्य उदाहरण म्हणून विचार केला आहे.

बीजशब्द : जैवप्रेरित यंत्रमानव, स्मार्ट पदार्थ, आयनिक बहुवारिक, हिस्टेरेसिस, अनुकूली नियंत्रण, जलगुणवत्ता

१. प्रस्तावना

दिनांक २५ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मार्शल या गावाजवळ खनिज तेलाची एक भूमिगत वाहिनी फुटली. तेल लगतच्या ओढ्यातून कालामाझू नदीत शिरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या २०१२ मधील अहवालानुसार ही गळती सतरा तासांहून अधिक काळ लक्षात आली नाही आणि सुमारे ८ लाख ४३ हजार गॅलन, म्हणजे जवळपास ३२ लाख लिटर तेल वाहून गेले. हे तेल पातळ केलेल्या बिटुमेनच्या स्वरूपात होते. त्यातील हलके घटक उडून गेल्यावर जड भागाचा काही अंश तरंगत न राहता तळाशी जाऊन बसला. पृष्ठभागावरचा तवंग डोळ्यांना दिसतो. तळाशी बसलेले तेल दिसत नाही.

अशीच अदृश्यता दुसऱ्या एका घटनेत प्रत्ययास आली. ऑगस्ट २०१४ मध्ये एरी सरोवरातील नील-हरित शैवालांचे मायक्रोसिस्टिन हे विष ओहायो राज्यातील टोलेडो शहराच्या पाण्यात आढळले आणि सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना द्यावी लागली. हे विष पाणी उकळल्याने नाहीसे होत नाही. शैवालांचे थर पाण्यात वर-खाली सरकत असतात. त्यामुळे नावेतून एका ठिकाणचा, एका खोलीवरचा नमुना घेऊन संपूर्ण सरोवराविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

या दोन्ही प्रसंगांतून एकच गरज स्पष्ट होते. पाण्याच्या आत, वेगवेगळ्या खोलींवर, अनेक दिवस राहून मोजमाप करणारे, गाळ न ढवळणारे आणि पाणवनस्पतींत न अडकणारे साधन हवे. पंख्यावर चालणारी याने वेगवान व विश्वासार्ह असतात. परंतु उथळ, गवताळ पाण्यात पंखा अडकतो आणि यान सतत चालू ठेवल्यास विद्युतघटातील ऊर्जा लवकर संपते. मासा मात्र याच पाण्यात आयुष्यभर सहज वावरतो. म्हणूनच अभियंत्यांचे लक्ष माशाकडे वळले.

२. जलतरणाचे शास्त्र : निरीक्षणापासून मोजमापापर्यंत

१९३६ साली केंब्रिज येथील प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी डॉल्फिनच्या वेगाचे गणित मांडले. डॉल्फिनचे शरीर ताठ आहे असे गृहीत धरून त्यांनी पाण्याचा विरोध काढला, तेव्हा आवश्यक शक्ती त्याच्या स्नायूंच्या अपेक्षित क्षमतेच्या सुमारे सातपट निघाली. 'ग्रे यांचा विरोधाभास' या नावाने हा प्रश्न प्रसिद्ध झाला. डॉल्फिनची त्वचा काही जादू करीत असावी, या समजुतीतून पुढे कृत्रिम त्वचेचे प्रयोगही झाले.

२०१४ मध्ये फ्रँक फिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने डॉल्फिनच्या मागे निर्माण होणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजला. डॉल्फिन गरजेनुसार हजारो वॅट शक्ती निर्माण करू शकतो, असे त्यातून दिसून आले. ग्रे यांनी काही सेकंदांच्या वेगवान पोहण्याची तुलना दीर्घकाळ टिकणाऱ्या स्नायुशक्तीशी केली होती. म्हणजे विरोधाभास निसर्गात नव्हता, गृहीतकात होता. जैवप्रेरित संशोधनाला यातून मिळणारा धडा साधा आहे : प्राण्याविषयीच्या आश्चर्यावर यंत्र उभारता येत नाही, त्यासाठी मोजमाप लागते.

दरम्यान, जेम्स लाइटहिल यांनी १९६० साली सडपातळ माशाच्या पोहण्याचा गणिती सिद्धान्त मांडला. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे मायकेल ट्रायान्टाफिलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रोबोट्यूना' हा यांत्रिक ट्यूना मासा तयार केला. शेपटी हलताना तिच्या मागे आळीपाळीने उलट-सुलट फिरणारे भोवरे सुटतात आणि त्यांच्या मधून पाण्याची एक धार मागे फेकली जाते. त्या धारेच्या प्रतिक्रियेने मासा पुढे जातो. शेपटीच्या हेलकाव्यांची वारंवारता व हेलकाव्याची रुंदी यांच्या गुणाकाराला वेगाने भागल्यास येणाऱ्या संख्येस स्ट्राउहाल अंक म्हणतात. कार्यक्षमपणे पोहणाऱ्या बहुसंख्य प्राण्यांत हा अंक ०.२ ते ०.४ च्या दरम्यान आढळतो. आकाराने व जातीने सर्वस्वी भिन्न असलेले प्राणी याच मर्यादेत येतात, यावरून येथे वंशापेक्षा पाण्याचा नियम प्रभावी आहे हे लक्षात येते.

याहून उद्बोधक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज लॉडर आणि ट्रायान्टाफिलू यांच्या गटांनी मिळून केलेल्या या अभ्यासात, वाहत्या पाण्यातील एका दंडगोलामागे निर्माण होणाऱ्या भोवऱ्यांत मृत ट्राउट मासा ठेवला असता तो प्रवाहाच्या उलट दिशेने पुढे सरकला. त्या माशात मेंदू नव्हता, स्नायूंचे आकुंचनही नव्हते. केवळ शरीराच्या लवचिकतेने भोवऱ्यांतील ऊर्जा खेचून घेतली होती. पोहण्याचे काही काम 'आज्ञा' करीत नाही, तर पदार्थच करतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. धातूच्या सांध्यांची आणि मोटारींची ताठ साखळी माशाच्या आकाराची केली तरी ती माशासारखी का पोहत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

३. स्मार्ट पदार्थ : स्नायूंच्या शोधात

विद्युत, उष्णता किंवा चुंबकीय क्षेत्र यांच्या प्रभावाने जे पदार्थ आपला आकार वा ताठरपणा बदलतात, त्यांना स्मार्ट पदार्थ म्हणतात. अशा पदार्थात मोटार, दंतचक्रे व सांधे यांची गरज राहत नाही. पदार्थ स्वतःच स्नायूचे काम करतो. जलांतर्गत यंत्रमानवांसाठी यांतील तीन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रकार आकारस्मृती मिश्रधातूंचा. निकेल व टायटॅनियम यांचा 'निटिनॉल' हा मिश्रधातू तापवला असता आपल्या पूर्वीच्या आकारात परत येतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जोसेफ एअर्स यांच्या गटाने लॅम्प्रे या सर्पाकृती जलचरासारखा यंत्रमानव निटिनॉलच्या तारांनी चालवला. पाण्यात तार लवकर थंड होते, त्यामुळे हालचाल जलद करता येते; परंतु त्याच कारणाने ती तापवण्यासाठी ऊर्जा फार लागते. एका गुणाची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते.

दुसरा प्रकार विद्युतरोधी लवचीक बहुवारिकांचा. यांस अतिउच्च व्होल्टता लागते, पण त्यांची हालचाल मोठी असते. चीनमधील चच्यांग विद्यापीठाच्या गटाने याच पदार्थाचे पंख असलेला मऊ यंत्रमानव तयार केला. मारियाना गर्तेत १०,९०० मीटर खोलीवर त्याने पंख हलवले आणि दक्षिण चीन समुद्रात ३,२२४ मीटर खोलीवर तो मुक्तपणे पोहला. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खोल समुद्रातील स्नेलफिश या माशाच्या कवटीची हाडे पूर्णपणे सांधलेली नसतात. त्या प्रेरणेने इलेक्ट्रॉनिक भाग एका जड पेटीत न ठेवता सिलिकोनमध्ये विखरून बसवले होते, जेणेकरून दाबाचा ताण एकाच जागी एकवटू नये.

तिसरा प्रकार आयनिक बहुवारिक व धातू यांच्या संमिश्राचा. मिशिगनच्या संशोधनात तो केंद्रस्थानी असल्याने त्याची रचना थोडी तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. नॅफिऑनसारख्या बहुवारिकाच्या पातळ पटलाच्या दोन्ही बाजूंवर प्लॅटिनम किंवा सोन्याचा थर देतात. पटलातील ऋण प्रभार साखळीला जखडलेले असतात. धन आयन मात्र पाण्याचे रेणू बरोबर घेऊन फिरू शकतात. दोन्ही थरांत एक-दोन व्होल्टचा फरक निर्माण केला की हे आयन ऋणाग्राकडे सरकतात, ती बाजू फुगते आणि पट्टी धनाग्राच्या दिशेने वाकते. व्होल्टता उलटसुलट केली की पट्टी शेपटीसारखी हलू लागते. याच्या उलट, पट्टी बाहेरून वाकवली तर तिच्यात अल्पशी व्होल्टता निर्माण होते. म्हणजे तोच पदार्थ संवेदकाचेही काम करतो.

हा पदार्थ ओलसर स्थितीतच काम करतो, म्हणून पाणी त्याला मानवते. तथापि त्याचा जोर कमी असतो. व्होल्टता वाढवल्यास आतील पाण्याचे विघटन होऊ लागते. शिवाय स्थिर व्होल्टता दिल्यावर आधी वाकलेली पट्टी हळूहळू मागे फिरण्याची प्रवृत्तीही दाखवते.

४. हिस्टेरेसिस : इतिहास विसरू न शकणारा पदार्थ

स्मार्ट पदार्थांची सर्वांत चिवट अडचण म्हणजे हिस्टेरेसिस. जेम्स अल्फ्रेड यूइंग यांनी १८८० च्या दशकात लोखंडाच्या चुंबकत्वाचा अभ्यास करताना ही संज्ञा रूढ केली. 'मागे राहणे' असा तिचा ग्रीक अर्थ आहे.

ही संकल्पना एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीस स्वयंचलित पंप जोडलेला असतो. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरले की पंप सुरू होतो आणि वरच्या खुणेपर्यंत चढले की बंद होतो. आता टाकी निम्मी भरलेली आहे एवढेच सांगितले, तर पंप चालू आहे की बंद, हे सांगता येईल काय? येत नाही. टाकी भरत होती की रिकामी होत होती, हा इतिहास ठाऊक असावा लागतो. फेरेंक प्रायसाख यांनी १९३५ मध्ये चुंबकीय पदार्थांसाठी जे प्रतिमान मांडले, त्याचा गाभा हाच आहे : वेगवेगळ्या खुणांवर चालू-बंद होणाऱ्या असंख्य सूक्ष्म कळांची बेरीज म्हणजे पदार्थाचे एकूण वर्तन.

आकारस्मृती मिश्रधातूंसारख्या पदार्थांत तीच आज्ञा दोनदा दिली तरी प्रतिसाद सारखा येईल याची शाश्वती नसते. तो आधीच्या आज्ञांवर अवलंबून असतो. यावर उपाय म्हणजे प्रतिमान उलटे वापरणे. हवा असलेला परिणाम आधी ठरवून, त्यासाठी कोणती आज्ञा द्यावी हे प्रतिमानाकडून काढून घेतले जाते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील शाओबो टॅन यांचे प्रारंभीचे संशोधन याच विषयावर होते. पण पदार्थ जुना होतो, तापमान बदलते, ओलावा कमी-जास्त होतो आणि काल अचूक असलेले प्रतिमान आज चुकू लागते. येथे अनुकूली नियंत्रणाची गरज भासते.

५. अनुकूली नियंत्रण : चुकीतून शिकण्याची शिस्त

अनुभवी नावाडी अनोळखी नावेत बसला, तर नावेचे वजन वा प्रवाहाचा वेग तो कोणाला विचारत नाही. दोन-चार वल्ही मारून नाव किती वळते हे तो पाहतो आणि पुढचे वल्हे त्या अंदाजाने मारतो. अनुकूली नियंत्रणाची रीत हीच आहे. यंत्राच्या गणिती प्रतिमानातील काही संख्या अज्ञात मानल्या जातात. अपेक्षित व प्रत्यक्ष हालचाल यांतील फरक सतत मोजला जातो आणि त्या फरकावरून अज्ञात संख्यांचे अंदाज काम चालू असतानाच सुधारले जातात.

पाण्यात अशा अज्ञात संख्या अनेक असतात. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने शरीर हलते तेव्हा भोवतालचे पाणीही त्याबरोबर हलवावे लागते. पूर्ण बुडालेल्या गोलाच्या बाबतीत हे जादा वस्तुमान विस्थापित पाण्याच्या वस्तुमानाच्या निम्मे भरते. लवचीक, वाकणाऱ्या शरीरासाठी ते क्षणाक्षणाला बदलते. त्यात प्रवाह, शेवाळ व झिजणारी शेपटी यांची भर पडते.

तथापि शिकणारे यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र नव्हे, याचे स्मरण इतिहास करून देतो. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी अमेरिकेचे एक्स-१५ हे प्रायोगिक विमान कोसळून वैमानिक मायकेल ॲडम्स मृत्युमुखी पडले. अपघाताची कारणे एकाहून अधिक होती. परंतु विमानातील अनुकूली नियंत्रक आंदोलनांत अडकला आणि त्याला आपली तीव्रता कमी करता आली नाही, हे त्यांपैकी एक होते. त्या काळापासून अनुकूली नियंत्रणात केवळ 'चालते' एवढे पुरेसे मानले जात नाही. चूक मर्यादेत राहील याची गणिती सिद्धता मागितली जाते. रशियन गणिती लियापुनॉव यांनी १८९२ मध्ये मांडलेली स्थैर्याची पद्धत त्यासाठी आधारभूत ठरली आहे.

६. मिशिगन : प्रयोगशाळेतून नदीकडे

टॅन यांच्या प्रयोगशाळेने आयनिक बहुवारिकाची शेपटी असलेले लहान यांत्रिक मासे तयार केले. पट्टीच्या टोकाला प्लास्टिकचे पातळ पर जोडले की जोर वाढतो, पण परावर पडणारा पाण्याचा भारही बदलतो. त्यामुळे पदार्थाचे विद्युत-रासायनिक प्रतिमान आणि लाइटहिल यांचा जलतरण सिद्धान्त यांची सांगड घालावी लागली. गणिताच्या दृष्टीने हे काम मोलाचे होते. परंतु अशा माशाचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटर एवढाच असतो. संथ तलावात तो चालेल, वाहत्या नदीत तो वाहून जाईल.

या टप्प्यावर संशोधकांनी घेतलेला निर्णय विशेष लक्षणीय आहे. 'ग्रेस' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्यांच्या पुढील यंत्रमाशात शेपटी हलवण्यासाठी स्मार्ट पदार्थ न वापरता साधी मोटार वापरली गेली आणि त्याला समुद्री तरंगयानाचे तत्त्व जोडले गेले. हेन्री स्टॉमेल यांनी १९८९ मध्ये लोकांसमोर मांडलेल्या या तत्त्वानुसार यान थोडे पाणी आत घेऊन जड होते व पंखांच्या आधारे तिरके खाली उतरते. पाणी बाहेर टाकून हलके होते व तिरके वर चढते. ऊर्जा मुख्यतः दिशा बदलतानाच खर्च होते. सुमारे ९ किलो वजनाचा ग्रेस याप्रमाणे बहुतांश वेळ तरंगत सरकतो आणि वळायचे असेल वा वेग हवा असेल तेव्हाच शेपटी हलवतो. शेपटी वळवून ठेवल्यास तो सर्पिल मार्गाने खाली उतरू शकतो, त्यामुळे एकाच जागी वेगवेगळ्या खोलींवरील पाण्याची मोजमापे घेणे शक्य होते.

ग्रेसच्या चाचण्या विंटरग्रीन तलावात आणि २०१२ मध्ये कालामाझू नदीत झाल्या. दोन वर्षांपूर्वी जिच्यात तेल शिरले होते, तीच ही नदी. त्याच्यावर खनिज तेल, तापमान इत्यादींचे संवेदक बसवलेले होते. या प्रकल्पांत जलपरिसंस्थेच्या अभ्यासक एलेना लिचमन यांचा सहभाग होता, ही बाबही नोंद घेण्यासारखी आहे. काय मोजावे आणि कोणत्या खोलीवर मोजावे, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नसून परिसंस्थाशास्त्राचा आहे.

मग स्मार्ट पदार्थांवरील श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येत नाही. मासा आपल्या अंगावरील पार्श्वरेषेच्या साहाय्याने पाण्यातील सूक्ष्म हालचाल ओळखतो. टॅन यांच्या गटाने आयनिक बहुवारिकाच्या पट्ट्यांची रांग लावून कृत्रिम पार्श्वरेषा तयार केली आणि पाण्यात कंप पावणाऱ्या वस्तूचे स्थान तिच्याद्वारे ओळखता येते हे दाखवले. स्नायू म्हणून दुबळा ठरलेला पदार्थ संवेदक म्हणून उपयोगी पडतो. पदार्थाच्या गुणदोषांनुसार त्याला काम देणे, ही खरी जैवप्रेरणा होय.

७. मर्यादा

पुढील मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. एक, आजचे बहुतेक यांत्रिक मासे वेग, भारवहन व टिकाऊपणा यांत पंख्याच्या यानांची बरोबरी करू शकत नाहीत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'माया' हे लहान स्वायत्त यान पंख्यावरच चालते. समुद्री सर्वेक्षणासारख्या कामांसाठी ही निवड योग्यच आहे. दोन, पाण्यात रेडिओ लहरी फार दूर जात नाहीत, त्यामुळे यानाशी संपर्क ठेवणे अवघड असते. तीन, संवेदक शेवाळाने माखतात आणि त्यांचे वाचन हळूहळू चुकू लागते. अनुकूली नियंत्रण हालचालीतील चूक सुधारते, मोजमापातील चूक आपोआप सुधारत नाही.

८. निष्कर्ष

१) माशाचे बाह्य रूप घेतल्याने यंत्र माशासारखे पोहत नाही. लवचीक शरीर नियंत्रणाच्या कामाचा काही वाटा स्वतः उचलते.

२) स्मार्ट पदार्थाचे वर्तन त्याच्या इतिहासावर अवलंबून असते. म्हणून त्याच्या वापराचा प्रश्न पदार्थविज्ञानाइतकाच गणिताचाही आहे.

३) अनुकूली नियंत्रण अनिश्चिततेवर उपाय आहे; मात्र स्थैर्याच्या सिद्धतेवाचून ते धोकादायक ठरू शकते.

४) प्रत्यक्ष गरज समोर आल्यावर निसर्गाशी साम्य कमी करूनही उपयुक्तता वाढवता येते, हे ग्रेसच्या उदाहरणावरून दिसते.

कालामाझूच्या काठी गळती ओळखण्यास सतरा तासांहून अधिक काळ लागला तो मुख्यतः धोक्याच्या इशाऱ्यांचा अर्थ लावण्यात चूक झाल्यामुळे. यांत्रिक मासा ती चूक टाळू शकला असता असा दावा करता येणार नाही. तळाशी गेलेल्या तेलाचा पुढे अनेक महिने माग काढण्याचे काम मात्र अशी यंत्रे करू शकतात. त्यासाठी प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अभियांत्रिकी व परिसंस्थाशास्त्र या शाखांना एकाच नदीकाठी यावे लागले. महाविद्यालयीन विभागांच्या भिंतींमध्ये विषय वाटून शिकवले जातात. नदीचा प्रश्न मात्र तसा वाटलेला नसतो.